सरकवलेली झोपडी

मार्च १९८४ मधली ती सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली. आठ चाळीसला कापितोलिना येगोरोव्ना नकाशे छापणाऱ्या कारखान्यात गुप्त विभागाच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. आतल्या बाईने ओळखपत्र पाहिले आणि एकतीस क्रमांकाची पेटी पुढे सरकवली. कुलपावरच्या मेणमातीत उमटलेला मुद्रेचा ठसा शाबूत होता. टेबलाशी येऊन कापितोलिनाबाईंनी पेटीतला खरा नकाशा पसरला, शेजारी कोरा कागद लावला आणि पेन्सिलीला टोक काढले. खऱ्यावरून दुकानात विकायचा नकाशा करायचा, हे त्यांचे काम. त्यात रस्ता किंचित वाकवायचा, पूल नदीच्या उताराकडे थोडा सरकवायचा, खेडे टेकडीआड ढकलायचे. अमेरिकेच्या विमानांना नेम धरता येऊ नये, हा हेतू. एकोणीस वर्षे त्यांनी हे निगुतीने केले होते आणि त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते.

दहाला फोन वाजला. गिर्यारोहकांच्या मंडळातून रुस्तेम गालेयेव बोलत होता. उरलच्या रानात स्कीवर गेलेले पाच विद्यार्थी हिमवादळात अडकले होते. त्यांतली एक मुलगी कशीबशी खेड्यात पोहोचली. बाकीचे ओढ्याकाठच्या वनरक्षकाच्या झोपडीत आहेत, एकाचा पाय मोडलाय, सरपण संपलंय, एवढे सांगून ती बेशुद्ध पडली. शोधपथक नकाशाप्रमाणे गेले, तर तिथे झोपडीच नव्हती. ती खरी कुठे आहे, एवढेच त्याला हवे होते. दुपारी दोनपर्यंतच हेलिकॉप्टर उडू शकणार होते. पुढे पुन्हा वादळ.

कापितोलिनाबाईंनी फोन ठेवला. ती झोपडी अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच डोंगरधारेच्या अलीकडे, चार किलोमीटर सरकवली होती.

त्या उठून गुप्त विभागाचे प्रमुख वालेंतिन साव्विच यांच्याकडे गेल्या. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मॉस्कोला परवानगीची तार करतो म्हणाले. उत्तर कधी येईल, असे कापितोलिनाबाईंनी विचारले, तेव्हा साव्विच खिडकीबाहेर पाहू लागले.

"परवा. नशीब असेल तर उद्या."

"तोवर पोरं गारठून मरतील."

"येगोरोव्ना, आठ महिन्यांनी निवृत्त होताय तुम्ही. तुमचा मुलगा कुठे कामाला आहे, ते मला सांगायला लावू नका."

मुलगा ग्लेब क्षेपणास्त्रांच्या बंदिस्त संस्थेत होता. आईवर ठपका आला की त्याची नोकरी जाणार, हे तिथला झाडूवालाही सांगू शकला असता. कापितोलिनाबाई टेबलाशी परतल्या. तासभर पेन्सिल हातात होती. रेघ एकही उमटली नाही.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. पेटी बंद करून त्यांनी खिडकीत दिली. कागदाचा चिटोरासुद्धा बरोबर घेतला नाही. त्याची गरज नव्हती. कारखान्यातला फोन ऐकला जाई, म्हणून ट्रामने दोन थांबे जाऊन त्या गिर्यारोहकांच्या मंडळाच्या तळघरात उतरल्या. रुस्तेम दाढी वाढलेला, दोन रात्रींचा जागा. कारखान्यातून आले म्हटल्यावर तो कडवट हसला.

"या, मावशी. अमेरिकेचे उपग्रह त्या झोपडीचं छप्पर मोजतायत म्हणे. दडवलीत ती फक्त आपल्याच पोरांपासून."

भिंतीवरच्या नकाशावर, डोंगरधारेच्या पलीकडे, दोन ओढे मिळतात तिथे त्यांनी बारीक फुली मारली.

"नक्की?"

"सरकवली मीच होती."

रुस्तेमचा चेहरा बदलला. त्याने घड्याळ पाहिले, मग नोंदवही पुढे ओढली आणि घुटमळला. निनावी खबरीवर विमानतळावरून हेलिकॉप्टर सुटत नसे. खबर देणाऱ्याचे नाव आणि नोकरीचे ठिकाण लिहावेच लागे. आधीच्या दोन खोट्या खबरींनी दोन फेऱ्या वाया घालवल्या होत्या.

"माझं नाव घालतो," तो हळूच म्हणाला.

"तुला कुठून कळलं, असं विचारतील. सांगणार काय? आणि तेवढ्यात दोन वाजतील."

त्यांनी वही आपल्याकडे वळवली. आडनाव, नाव, वडिलांचे नाव, कारखान्याचा पत्ता, हुद्दा, सगळे नकाशावर अक्षरे काढावीत तसे सुवाच्य लिहिले. रुस्तेमने फोन उचलला आणि फुलीची जागा सांगू लागला. पलीकडच्या माणसाने ती उलट वाचून दाखवेपर्यंत त्या थांबल्या, मग जिना चढून ट्रामच्या थांब्याकडे निघाल्या. सुट्टी संपायला अजून बारा मिनिटे होती.