‘दाखवा’ म्हणायचं नाही

डॉक्टरांनी वैजिनाथअप्पांसमोर कागद आणि दोरा ठेवला आणि म्हणाले, "पुडी बांधून दाखवा." घाटनांदूरच्या पेठेत पंचेचाळीस वर्षं किराणा विकलेला तो माणूस, चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा त्या कागदाकडे बघत बसला. दोरा उचलला, खाली ठेवला. लकव्यानं वाचा नेली होती. हाताला बळ परत आलंय पण अक्कल नाही आली, असं मुलगा राजेश्वर म्हणाला. तेही बापाच्या तोंडावर. हे खोटं पाडायचं, अशी अप्पांच्या बायकोनं, गंगासागरबाईंनी, तेव्हाच मनात खूणगाठ बांधली.

राजेश्वर लातूरला नोकरीला. येत्या सोमवारी दुकान एका मोबाइलवाल्याला द्यायचं आणि अप्पांना लातूरच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत ठेवायचं, हे त्यानं ठरवूनही टाकलं होतं. पोरगं वाईट नव्हतं. पण ज्याला काखेत घेऊन दुकान झाडलं, त्यानं आता आपल्याच माणसाला गाठोड्यासारखं उचलून न्यावं, याचा गंगासागरबाईंना संताप आला होता.

त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. दवाखान्यात ‘हात पुढं करा’ म्हटलं की अप्पा नुसते बघत राहायचे. घरी मात्र अंघोळ झाली आणि विभूती समोर आली, की तीन बोटं आपली आपण कपाळावर जायची. गळ्यातलं इष्टलिंग पूजेला घ्यायला डावा तळवा उघडायचा. कुणी काही सांगितलेलं नसायचं.

त्यांनी नातीला, राजेश्वरच्याच शिवांजलीला, फोन लावला. ती फिजिओथेरपी शिकत होती.

"आजी, सांगितलेलं करायची वाट वेगळी आणि सवयीची वेगळी," शिवांजली म्हणाली. "सवयीचा भाग मेंदूत खोल असतो. खूप जुना. माशाला आहे, सरड्याला आहे. माणूस बोलायला लागला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासूनचा. त्याला शब्द कळत नाहीत. ओळखीची जागा, ओळखीचं काम समोर आलं की तो चालू पडतो. अप्पांचा तो भाग शाबूत असणार."

"मंजी तुमचे डॉक्टर सरड्याला मराठीत इचारत होते," गंगासागरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्यांनी सकाळीच शटर वर केलं, अप्पांना त्यांच्या गादीवर बसवलं, डोक्यावरच्या खिळ्याला दोऱ्याची रीळ अडकवली. सोमवारच्या व्यवहारासाठी गावी येऊन राहिलेला राजेश्वर धावत आला.

"आई, लोक हसतील."

"हसू दे. तुझ्या मागच्या खोलीत तर हसायलाबी कुनी येनार न्हाई."

"बरं. अप्पा, एक पुडी बांधा बघू. दाखवा आईला."

अप्पांचे हात मांडीवरून हलले नाहीत. राजेश्वरनं आईकडे पाहिलं. वकिलाला पुरावा मिळाल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

"पंचेचाळीस वर्सांत कुन्या गिऱ्हाइकानं ह्यान्ला ‘दाखवा’ म्हनलंय का? बाजूला हो."

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या कौशल्याबाई पायरी चढल्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "अप्पा, पावशेर शेंगदाणे द्या की."

अप्पांचा हात उठला. रद्दीचा कागद ओढला. पहिला फाटला, तो त्यांनी बाजूला सारला आणि दुसरा घेतला. ओंजळीनं शेंगदाणे तागडीत पडले, चार दाणे जास्त झाले ते परत गेले. कागद दुमडला, डोक्यावरून दोरा खाली आला, दोन वेढे, गाठ, हिसका. कौशल्याबाई पुडी घेऊन गेल्यासुद्धा. गंगासागरबाईंनी पैसे गल्ल्यात टाकले.

"एक जमली म्हणून काय झालं?" राजेश्वर पुटपुटला.

"मग तू हो गिऱ्हाईक. पायरी उतर आन् रांगंत लाग."

तो उतरला. दोन बायकांच्या मागं उभा राहिला, आपल्याच दुकानासमोर, इस्त्रीच्या शर्टात. त्याची पाळी आली तेव्हा अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, इतर कुणाकडेही पाहावं तसं.

"पावशेर... गूळ," तो म्हणाला.

ढेपेचा तुकडा निघाला, तोलला गेला, पुडी बांधून झाली. आणि मग अप्पांनी सुपारीएवढा एक खडा वेगळा काढला. पेठेतल्या हरेक लेकराला ते तो द्यायचे, लेकरू परक्याचं असो की घरचं. खडा घेऊन त्यांचा हात फळीवरून पुढं आला.

राजेश्वरचा तळवा आधीच पुढं झालेला होता. उजवा वर, डावा त्याच्या खाली, लहानपणी अप्पांनी शिकवला होता तसा. पंचेचाळिशीचा माणूस स्वतःच्या हातांकडे चकित होऊन बघत राहिला.

"तुला कुनी ‘दाखव’ म्हनलं होतं का रे?" गंगासागरबाईंनी विचारलं.

त्यानं गूळ तोंडात टाकला. बराच वेळ तो विरघळेना.

"सोमवारी तो मोबाइलवाला..." त्यानं सुरुवात केली.

"सोमवारी दुकान उघडं हाय," गंगासागरबाई म्हणाल्या. "सरक, मागच्याला वाट दे."