पालथे आरसे

बिजलीबाईले "तुहे उपकार" म्हणलं की ती काठी उगारते. म्हणून तिच्या तोंडावर मी काई बोलत नाई. तिच्या माघारी सांगतो.

मी हरिसिंग, माजी हवलदार. फौजेतून आलो तवा घर होतं, बायको होती, उर्वशी नावाची पोट्टी होती. दारूनं एकेक करून सारं नेलं. बायको वारली. पोट्टीले माह्या भावानं, धावजीनं, वाढवलं. अन् मी पांढरकवड्यात हायवेच्या पुलाखाली झोपू लागलो, चार वर्षं. ट्रकवाले "फौजी, फौजी" करत. कोणी चहा पाजे, कोणी क्वार्टर. चहा पाजणाऱ्याचं तोंड मले आठवत नाई, इतका मी नालायक.

इंदुताईनं मले तिथून उचललं. बाभुळगावकडे तिचं नशामुक्तीचं केंद्र आहे. माह्यासारखे बिनघराचे फौजी तिथं सहा होतो. डॉक्टरच्या गोळ्या तर होत्याच, त्या चुकवता येत नसत. त्याच्यावर बाकीचं. सकाळी श्वास ओढा, श्वास सोडा. दुपारी बगिच्यात काम. सांजच्याले भजन. श्वास ओढता ओढता मी घोरत होतो. भजनात माहा आवाज असा, की ताईनंच मले टाळ दिले अन् म्हणलं, हळू वाजवा. बगिच्यात कुदळ हातात दिली, तर मी वांग्याच्या वाफ्याच्या जागी कमरेइतका खोल मोर्चा, फौजेतला खंदक, खणला, समोर मातीचा बांधही घातला.

इंदुताई काठावर उभी राहून पाहत राह्यली. "हरिसिंगभाऊ," म्हणे, "वांगे लावायचे आहेत, लढाई नाई."

मंग तिनं बिजलीबाईले बोलावलं.

बिजलीबाई आमच्याच गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची. सत्तरीची म्हातारी, हातात काठी, कोपरापर्यंत बांगड्या. हप्त्यातून दोनदा यायची अन् आम्हाले कशिदा शिकवायची. सहा फौजी, सहा सुया. दारू सुटते तवा हात कापतात, सुईनं हात थाऱ्यावर येतो, असं ताईचं म्हणणं.

"मले बाईचं काम कायले देता?" मी चिडलो. 

"फौजेत बटन तुटलं तं कोन लावे, तुही बायको येत होती काय तिथं?" बिजलीबाईनं विचारलं.

आता फौजेत प्रत्येकाच्या सामानात सुईदोऱ्याची पिशवी असते. बटन आम्हीच लावतो. सुई घेतली, तर दोरा ओवायलेच माहे पावणेदोन तास गेले. हात असा हाले की सुईचं नाक इकडे अन् दोरा तिकडे. बिजलीबाईनं मदत केली नाई. ओवला तवा म्हणाली, "जेवून घे आता." त्या दिवशी मले कडकडून भूक लागली, लय दिवसांनी.

अशातच उर्वशीचा फोन आला, माह्यासाठी नाई, इंदुताईसाठी. तिचं लग्न ठरलं होतं, दोन महिन्यानं. ताईनं निरोप जसाच्या तसा सांगतला. "माह्या बाले लग्नाले या म्हणा. पण एक थेंबही घेतला असन तं मांडवात पाय ठेवू नये. मी वास घेऊन पाहीन."

हे वासाचं मलेच माहीत. मी सुट्टीवर यायचो तवा उर्वशी लहान होती. मी मांडी घालून बसलो की धावत यायची, पण मांडीवर बसायच्या आधी माह्या तोंडाजवळ नाक आणायची. वास आला की तशीच पाठ फिरवायची. मी मुद्दाम "आ" करून दाखवत होतो, थट्टा म्हणून. सात वर्षाची झाली तवापासून तिनं नाक आणणंच बंद केलं.

आमच्या तांड्यात चाल अशी, की लग्नाच्या दिवशी नवरी पाण्याचा गुंड डोक्यावर घेते. गुंडाखालची चुंबळ आईच्या हातची पाहिजे, कशिद्याची, आरसे लावलेली. उर्वशीले आई नाई. मी बिजलीबाईले, आमच्यात आईले म्हणतात तसं, म्हणलं, "याडी, चुंबळ मी करतो."

ती माह्या हाताकडे पाहत राह्यली. "आरसे एकवीस लागतात," म्हणाली. "अन् एकही बाई तुले मदत करणार नाई."

मी लागलो. लाल कापड, पिवळा दोरा, अन् नखाएवढे गोल आरसे. कोणाले दाखवत नव्हतो, खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचो. प्यायची हुक्की आली की एक आरसा लावायले घ्यायचा, असा नियमच करून टाकला. काही दिवशी तीन तीन आरसे लागले. यावरून समजा. दीड महिन्यानं एकवीस पुरे झाले अन् मी छाती काढून चुंबळ बिजलीबाईपुढे ठेवली.

तिनं ती उलटून पाहली, सुलटून पाहली. "हे काय केलं बावा? सारे आरसे पालथे?"

मी पाहलं. खरंच, एकवीसच्या एकवीस आरशांची चमक आत कापडाकडे होती अन् मळकी पाठ बाहेर. आईची आण घेऊन सांगतो, माह्या ध्यानातच आलं नव्हतं. बाकीचे फौजी हसले. मीही हसायले गेलो, अन् थांबलो. कारण माह्या हातानं असं काहून केलं, हे मले तवाच समजलं.

बिजलीबाईनं बाकीच्यांले बाहेर काढलं. काठी बाजूले ठेवली अन् माह्यापुढे खाली बसली.

मी तिले सांगतलं, जे सतरा वर्षं कोणाले सांगतलं नव्हतं. डोंगरावरची चौकी. सकाळची वेळ. मी दाढी कराले आरसा तारेले अडकवला. चमकणारी वस्तू उघड्यावर ठेवायची नाई, हे पहिल्या दिवशी शिकवतात. घड्याळाची काचही झाकतात. पण थंडी होती, घाई होती, मी म्हणलं दोन मिनिटं. माह्याच तुकडीतला, आमच्याकडच्या ढाणकी गावचा पंजाबराव मागून आला, "ब्लेड दे गा" म्हणत. डोंगराच्या उतारावरून ऊन आलं अन् आरसा चमकला. गोळी त्याले लागली, तो जागीच गेला. कागदावर लिहिलं, दुश्मनाची गोळी. खरंच होतं ते. आरशाचं कोणी विचारलंच नाई, कारण तो मी आधीच खिशात घातला होता.

"तवापासून पेतो, याडी."

बिजलीबाई उगीच सांत्वन करणाऱ्यातली नाई. मंग नाक पुसून म्हणाली, "अन् पोट्टीच्या डोक्यावर कोन गोळी झाडते, बावा?" पोलक्यातून छोटी कैची काढली अन् माह्या हातात देली. "उसव."

लग्नाले नऊ दिवस राह्यले होते. आरसा उसवायचा, सुलटा करायचा, पुन्हा शिवायचा. पहिला सुलटा केला तवा त्यात माहा डोळा दिसला, अन् मी चुंबळ फेकून देली. ती तिनं उचलून आणली. रोज आली त्या नऊ दिवसात, बसनं, आपल्या गुडघ्याचं दुखणं घेऊन. माह्या बाजूले बसे, सुपारी चावे अन् सुनेच्या चुगल्या सांगे. वीस आरसे सुलटे झाले. एकविसाव्यापाशी तिनं माहा हात धरला.

"हा राहू दे तसाच. हा पंजाबरावचा."

त्या दिवशी मी रडलो, लपवून नाई, सगळ्यांसमोर.

लग्नाले इंदुताईनं जीपनं नेलं, बिजलीबाईही संगं. इस्त्रीचा शर्ट, छातीवर मेडल. धावजीनं नमस्कार केला पण नजर माह्या पायाकडे, झोकांडी जाते काय म्हणून. मी मांडवाच्या कडेले उभा राह्यलो. चुंबळ बिजलीबाईनं नेऊन देली होती.

भर दुपारचं ऊन. उर्वशी बाहेर आली, डोक्यावर माही चुंबळ, तिच्यावर भरलेला गुंड. तिनं मान वळवली अन् वीस कवडसे एकदम समोरच्या भिंतीवरून माह्या छातीवर धावत आले.

मी जमिनीवर पालथा पडलो. ठरवून नाई, अंगानंच टाकलं मले. तोंडात माती गेली. डफडं थांबलं. कोणीतरी म्हणलं, पिऊन आला. दुसऱ्यानं म्हणलं, येणारच होता. धावजीनं येऊन माहा दंड धरला. "काहून आला बे? एक दिवस तं सोडायचा होता."

मी सांगणार काय? आरशानं भेलो म्हणून? मी उठून मांडी घातली अन् मातीतच बसून राह्यलो. मले वाटलं, झालं, गेलं सारं. आता पूलच बरा.

तवा पाण्याचा आवाज आला. उर्वशीनं गुंड खाली टेकवला होता, अर्धं पाणी सांडलं होतं. ती माह्यापुढे येऊन बसली, सारा घागरा मातीत. नाक माह्या तोंडाजवळ आणलं.

मी "आ" केला. थट्टा म्हणून नाई.

तिनं वास घेतला. पुन्हा एकदा घेतला, नीट. "चहाचा येऊन राह्यला, बा," ती म्हणाली, "अन् मातीचा."

मंग लग्नाच्या कपड्यात, साऱ्या तांड्यादेखत, ती माह्या मांडीवर येऊन बसली. धावजीनं दंड सोडला. तिकडे बिजलीबाई काठी टेकून उभी होती अन् भलतीकडेच पाहून राह्यली होती. पोट्टीचं वजन लय झालं आता, माहे पाय आखडून गेले. मी हललो नाई.