दिवस गेलेत का?

बीडमध्ये सोनोग्राफीचा अर्थ एकच: पोटातलं पोर बघायचं मशीन. त्यामुळे डॉक्टर केदारनाथ आपल्या साठीच्या बायकोला, उमाबाईंना, दोन्ही खांद्यांना धरून रोहिणीच्या दवाखान्यात घेऊन आले, तेव्हा बाकावरच्या गरोदर बायकांनी तोंडाला पदर लावले. रोहिणीने ते पाहिले आणि तिला मनापासून बरे वाटले. होऊ दे शोभा.

पाच वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, हीच शोभा तिच्या बापाची झाली होती. किराणा दुकानदार शिवशरण धाप लागली म्हणून केदारनाथांच्या इस्पितळात दाखल झाले. दोघे एकाच समाजातले, एका पंगतीला बसणारे. रोहिणी केदारनाथांना काका म्हणायची. काकांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, दमा ठरवला आणि सलाइन टांगले. रोहिणी तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती.

"काका, बाळंतिणींच्या खोलीतलं मशीन चाकावर आहे. खाटेपाशी आणून छाती बघू. हृदयाभोवती पाणी असलं तर दोन मिनिटांत दिसेल."

काका सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाले, "कामून? तुझ्या बापाला दिवस गेलेत का?"

वॉर्ड हसला. नर्स हसली, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसता हसता खोकला. डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून शिवशरणही कसनुसे हसले, आणि तेच रोहिणीला सगळ्यांत जास्त झोंबले. आडवे झाले की जीव घुसमटायचा, म्हणून ते तीन दिवस बसूनच होते. चौथ्या दिवशी बसल्या जागी गेले. लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात. त्यांना बसवायला कोणाला कष्ट पडले नाहीत.

त्या दिवसापासून काकांचे 'सर' झाले. रोहिणीने शिक्षण पुरे केले, परदेशातून आलेले एक जुने मशीन घेतले आणि स्वतःला नियम घालून घेतला: पेशंट कसलाही असो, आधी मशीन खाटेपाशी, मग बाकीचे. आणि ती वाट बघत बसली.

आता उमाबाई समोर होत्या. पाय सुजलेले, ओठ निळे, मानेच्या शिरा टरारलेल्या.

"पंधरा दिवस दम्याचं औषध चालू आहे," केदारनाथ खाली बघत म्हणाले. "औरंगाबादपर्यंत टिकणार नाही ती."

ते जुने वाक्य रोहिणीच्या अगदी जिभेवर आले. तिने ते गिळले, पण दयेपोटी नव्हे. उमाबाई गेल्या असत्या तर चार माणसांनी येऊन केदारनाथांचे सांत्वन केले असते. तेवढ्यावर त्यांना सोडायची तिची तयारी नव्हती.

तिने मशीन ओढले, छातीवर जेल लावले आणि छातीवर फिरवायची मशीनची मूठ केदारनाथांच्या हातात दिली. "धरा, सर. तुम्हीच बघा."

पडद्यावर काळ्याभोर पाण्यात हृदय कसेबसे फडफडत होते.

"पाणी आहे," ते पुटपुटले.

"मोठ्याने, सर. बाहेर ऐकू गेलं नाही."

त्यांनी मोठ्याने म्हटले. बाहेर बायकांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. रोहिणीने पडद्यावर नजर ठेवून सुई घातली आणि सिरिंजमागून सिरिंज पाणी काढले. थोड्या वेळात उमाबाईंचा श्वास मोकळा झाला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी उशीवर पाठ टेकली.

"इतकंच व्हतं?"

"इतकंच, काकू."

उमाबाई छताकडे बघत राहिल्या. "मी तवा ह्यांच्या दवाखान्यात डबा घेऊन यायची. तुझा बापबी असाच बसून ऱ्हायचा. त्यालाबी पाणीच झालतं का गं?"

मागे उभे असलेले केदारनाथ मान हलवून नको, नको म्हणत होते. रोहिणीने ते नीट बघून घेतले.

"ठाऊक नाही, काकू. कोणी बघितलंच नाही. मशीन पंधरा पावलांवर होतं. मी मागितलं होतं."

उमाबाईंनी नवऱ्याकडे मान वळवली. केदारनाथांनी पांघरूण सारखे करायला हात पुढे केला, तो उमाबाईंनी बाजूला सारला. "तुमी भाईर बसा."

दारापाशी केदारनाथ थांबले. "रोहिणी, जीव वाचवलास तिचा. मग हे सांगायची काय गरज होती?"

"गरज नव्हती," रोहिणी म्हणाली. "मला सांगायचं होतं."