राखणदाराची पायताणं

धोंडगाळी कुणी वसवली असं विचारलं, तर आमच्याकडची म्हातारी माणसं पायांकडे बोट दाखवतात. कणकुंबीच्या पलीकडच्या या रानात आमचे पणजे घाटाखालून चालत आले, उतारावरची झुडपं तोडून जाळली, राखेत नाचणी पेरली आणि पाय नेतील तिथवर गाव मानलं. गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे त्यांनी एक उभा दगड रोवला. तो राखणदार. रात्री तो गावाची हद्द फिरतो अशी समजूत असल्यानं दर दसऱ्याला त्याच्यापुढे पायताणांचा नवा जोड ठेवायचा, माणसाच्या पावलापेक्षा चार बोटं मोठा, आणि पुढच्या दसऱ्याला तो उचलायचा तेव्हा त्याचे तळ झिजलेले असायचे. आमची पायताणं करणारा भावकू प्रत्येक नव्या तळावर दाभणानं एक आडवी रेघ ओढतो, आपल्या हातची खूण म्हणून. आमच्या चढउतारावर ती रेघ आठवड्याभरात पुसली जाते. राखणदाराच्या जोडावरही ती कधी शिल्लक राहत नसे.

मी वडगावला मामाकडे राहून बेळगावच्या कॉलेजात शिकत होते आणि या गोष्टींना हसत होते. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये वर्ग बंद पडले म्हणून गावी आले, तेव्हा जंगलखात्यानं आपल्या हद्दीचे दगड पुन्हा आत सरकवले होते. पूर्वी ते डोंगरमाथ्यावर असत. आता लढाईसाठी लाकूड हवं होतं, आणि आमचे नाचणीचे उतार, गुरांची वाट, पिण्याच्या पाण्याचा झरा, सगळं त्या चुना फासलेल्या, नंबर घातलेल्या दगडांच्या आत गेलं होतं. झऱ्यावर गेलेल्या जयाबाईला गार्डानं दिवसभर उन्हात उभं केलं होतं आणि तिची घागर जप्त करून नेली होती. मुंबईतल्या ज्या सरकारनं हे ठरवलं, त्यातल्या एकानंही धोंडगाळी पाहिली नव्हती.

माझे थोरले चुलते आण्णाप्पा गावाचे कारभारी. त्यांनी खानापूरला, बेळगावला, मुंबईला अर्ज केले, त्यातले इंग्रजी मीच लिहिले, आणि उत्तराची वाट बघत सगळी म्हातारी मंडळी देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत बसली. मला त्यांचा संताप यायचा. घरात माझ्यासारखाच जळत असलेला एकच माणूस होता, माझा थोरला भाऊ रवळू. लहानपणी कुऱ्हाड लागून त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती, त्यामुळे तो पाऊल बाहेरच्या कडेवर टाकून चाले. वडील नव्हते, आईचा सगळा जीव त्या वाकड्या चालीत होता. दारात पाय वाजला की कोण आलं हे तिला मान वर न करताही कळायचं.

त्या दसऱ्याला आण्णाप्पांनी राखणदाराचा जुना जोड उचलला आणि उलटा केला. तळावर भावकूची रेघ जशीच्या तशी होती. कातड्याला अजून नवा वास येत होता.

 रवळू म्हणाला की जंगलखात्याचे दगड उपटून दरीत टाकू, आत्ताच, सगळे मिळून. आण्णाप्पांनी जोड हळूच खाली ठेवला.

"देवच चालंना झालाय," ते म्हणाले. "मग ही हद्द आपली म्हणून कुणाच्या जोरावर सांगायची रं?"

"आपल्या पायांच्या, आप्पा."

"तुझा एक तर अर्धाच हाय," आण्णाप्पा म्हणाले, आणि म्हातारे हसले. रवळूही हसला. नवा जोड दगडापुढे ठेवून सगळे घरी आले.

दिवाळीच्या तोंडावर ओढ्यावर धुणं धुवायला गेलेल्या बायका ओल्या लुगड्यांनीच पळत आल्या. राखणदाराची पायताणं चिखलानं माखली होती, तळ झिजून पातळ झाले होते. आण्णाप्पांनी ती कपाळाला लावली. त्या रात्री घरी जेवताना रवळूनं मला हळूच सांगितलं की पुढच्या चवड्यात चिंध्या कोंबून तोच रोज पहाटे ती घालून सगळी हद्द फिरत होता. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. मलाही आवरलं नाही. म्हाताऱ्यांना हलवायला आणखी कुठला उपाय होता?

दुसऱ्याच दिवशी भर उन्हात अख्खी धोंडगाळी उतारावर गेली. पहारी घेऊन पुरुष, पाठोपाठ बायका, जयाबाई सगळ्यात पुढं. एकेक दगड उपटून दरीत ढकलला आणि तो खाली आदळल्याचा आवाज येईपर्यंत सगळे कान देऊन उभे राहत. एवढी माणसं येताना बघून गार्ड केव्हाच निघून गेले होते. झऱ्याचं पाणी त्या दिवशी आम्ही ओंजळीनं प्यालो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा आनंद होता, हे मला अजून नाकारता येत नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते आईच्या. अंगण सारवून ती हात धूत होती आणि रवळू ओल्या सारवणावरून सरळ घरात आला. आईनं रागवायला तोंड उघडलं आणि अंगणाकडे बघून मिटलं. शेणावर पाऊल उठलंच नव्हतं.

"लई हलका झालाय माझा ल्योक," ती म्हणाली, आणि त्या दिवशी त्याला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

मग तिला त्याच्या येण्याचा आवाज येईनासा झाला. ती चुलीपाशी असायची, वळून बघायची तर तो मागे उभा. तो रानातच जास्त असायचा, आणि कुठून आलास विचारलं तर हद्दीवरून, एवढंच सांगायचा. एका दुपारी तो झोपला असताना आईनं त्याची स्वतःची पायताणं उचलून माझ्यासमोर धरली. भावकूनं ती श्रावणात करून दिली होती. तळावरची रेघ आजच ओढल्यासारखी होती. "ह्यो चालतो कशानं गं, माले?" आईनं विचारलं. मी कॉलेजात शिकलेली मुलगी. मी म्हणाले कातडं चांगलं असेल.

पौषात पोलीस आले. दगड उपटणाऱ्या पुरुषांना त्यांनी एकाच लांब दोरीनं हाताला हात बांधून कणकुंबीच्या वाटेला लावलं. तिथं लॉरी उभी होती. रवळू मधे होता, पुढं आण्णाप्पा, मागं भावकू. मी आणि आई कडेनं चालत होतो. ओढ्यापाशी, राखणदाराच्या दगडासमोर, रवळू थांबला.

"माले," तो मला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "पलीकडं जायला येत न्हाय गं."

पोलिसानं मागून हाकारलं, दोरी ताणली, रांग पाण्यात उतरली आणि पलीकडच्या काठावर चढली. आण्णाप्पांच्या आणि भावकूच्या मधल्या दोरीला एक गाठ होती, मनगटाएवढी गोल आणि घट्ट, आणि तिच्यात कुणी नव्हतं. पोलिसांनी रान पिंजून काढलं, भावकूला मारलं, पण कुणीही पळालेलं नाही हे त्यांनीही पाहिलं होतं. आई ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून अलीकडच्या काठाकडे बघत होती.

माणसं तुरुंगातून सुटून आली. दगड पुन्हा रोवले गेले. पुढच्या दसऱ्यापासून आईनं भावकूला राखणदाराचा जोड मोठा करू दिला नाही. रवळूच्या मापाचा करून घेतला. रीत मोडते असं आण्णाप्पा म्हणाले, पण तिनं ऐकलं नाही. मग दर वर्षी ती जुना जोड मांडीवर घेऊन तळावरून बोटं फिरवायची. डावं नेहमी बाहेरच्या कडेला झिजलेलं असायचं. "यंदा थकलाय," असं कधी कधी म्हणायची. 

सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये आण्णाप्पांनी देवळापुढं झेंडा लावला आणि पेढे वाटले. दसऱ्याला आईनं जोड उलटा केला, तर दोन्ही तळांना आरपार भोकं पडली होती. तिनं त्यातून बोट घातलं आणि तसंच ठेवलं.

"सरकार गेलं म्हणून त्याला कुणी सांगितलंच न्हाय गं," ती म्हणाली. "तू शिकलीस. जा, नीट सांग त्याला. म्हणावं बस झालं, घरी ये."

मी गेले. नवा जोड माझ्या हातात होता. उतारावर हद्दीचे दगड उभे होते, आमच्या झऱ्याच्या अलीकडे, आणि त्यांना ताजा चुना लावला होता. नंबर नव्यानं काळे केले होते. आता दिल्ली होती, मुंबई होती, आपली माणसं होती, आणि त्यांतल्याही कुणी धोंडगाळी पाहिली नव्हती. त्याला काय सांगायचं ते मला सुचेना. मी राखणदाराच्या दगडाशी बसून रडले. मग सोबत आणलेला नवा जोड पुढं ठेवला आणि, ठेवता ठेवता, त्यात पाय घालून बघितला. कातडं आतून गरम होतं, कुणी नुकताच पाय काढून घ्यावा तसं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, सांगितलंस? मी व्हय म्हणाले.

मला निपाणीच्या शाळेत नोकरी मिळाली आहे. भावकूनं त्यासाठी मला पायताणं करून दिली, त्यालाही आता महिना होऊन गेला. मी रोज ती घालून फिरते, बहुतेक वेळ हद्दीच्या बाजूला. त्या दगडांकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. उद्याच्या गाडीनं निघायचं आहे. ट्रंक बांधून मी बाहेर आले, तर आई उंबऱ्यावर बसली होती. माझी पायताणं तिच्या मांडीवर उलटी होती आणि हातात अंगणातला खरबरीत धोंडा होता. माझ्याकडे न बघता ती तळ घासत होती, भावकूच्या अजून न पुसलेल्या रेघेवरून, पुन्हा पुन्हा, सगळा जोर लावून.