अकरावी ओळ

पितळी पत्र्यावर उतरवायची फिल्म विश्वंभर मोकाशीने खिडकीच्या उजेडात आधी उलटी धरली, मग सुलटी. दोन्हीकडून नाव त्याचंच निघालं.

"काका, पहिली बाजूच बरोबर होती," बिपिनभाई म्हणाला.

बिपिनभाईचा गोरव्यात नामफलकांचा कारखाना होता आणि मांजलपुरात तो विश्वंभरच्या वरच्या मजल्यावर राहायचा. सकाळी त्यानेच फोन करून अभिनंदन केलं होतं. काका, तमारुं नाम पित्तळमां आव्युं. मजकूर लांबलचक आणि इंग्रजी, म्हणून त्याने तो नावापुरताच वाचला होता.

मजकूर होता 'ध्रुवा' या निवृत्त दीपनौकेच्या सेवेचा इतिहास. जिथे दीपगृह बांधता येत नाही अशा भर समुद्रात, खंभातच्या आखातात, ही बोट नांगर टाकून आणि डोक्यावर बत्ती घेऊन एकतीस वर्षं उभी होती. बोट असून कुठेही न जाणं हीच तिची कामगिरी. आता दीपगृह खातं तिला रंग देऊन, धक्क्याला बांधून, तिकीट लावून दाखवणार होतं. फलकावर बांधणीचं साल होतं, नांगराचं वजन होतं, मंत्र्यांच्या दोन भेटी होत्या. आणि अकराव्या ओळीत लिहिलं होतं की १९९९ साली दीपचालक व्ही. जी. मोकाशी यांच्या हलगर्जीमुळे बत्ती नऊ तास बंद राहिली आणि एक गलबत वाळूच्या दांड्यावर आपटून दोन खलाशी दगावले.

बत्ती त्याने विझवली होती, हे खरं. त्या वादळात नांगराची साखळी तुटली आणि बोट मैलभर वाहत गेली. दीपनौका जागेवरून हलली की बत्ती विझवायची, हा तिथला पहिला नियम. चुकीच्या जागची बत्ती अंधारापेक्षा वाईट, कारण अंधारावर कोणी विश्वास ठेवत नाही. कप्तान जयवंतरावांनी हुकूम दिला आणि त्याने बत्ती विझवली. पहाटे लहानशा इंजिनावर रडतखडत बोट परत जागेवर आणली, जादा नांगर टाकला, तेव्हा दांड्यावरचं गलबत दिसलं. मग जयवंतरावांनी नोंदवहीचा मजकूर सांगितला. स्थान ठीक.

दीपनौकेवर कप्तान सांगतो आणि दीपचालक लिहितो. विश्वंभर बारा वर्षं रोज लिहीत होता. हात आपसूक चालला. पुढे चौकशीत बोट जागेवरच होती असं सिद्ध झालं, तेही त्याच्याच वळणदार अक्षरात. मग बत्ती का विझली, याला एकच उत्तर उरलं.

त्याला दोन वर्षं घरी बसवलं, नंतर गोदामात ताडपत्र्या मोजायला ठेवलं. बायकोने, पद्माने, सोसायटीत बदली झाल्याचं सांगितलं आणि सव्वीस वर्षं ते निभावून नेलं. आता नात यशश्रीच्या शाळेची सहल फेब्रुवारीत तीच बोट बघायला जाणार होती. मुलं फलक वाचत नाहीत, असं पद्माचं म्हणणं. पण यशश्री साबणाच्या वेष्टनावरचंही वाचायची.

बिपिनभाई पत्रा पाच वाजता तेजाबात घालून अक्षरं कोरणार होता. सरकारी मजकुरातला स्वल्पविरामही आपल्याला हलवता येत नाही, हे त्याने हात जोडून सांगितलं. खात्यात फोन लावला, तर तिथले अधिकारी तरुण आणि नम्र होते. कप्तानांनी स्वतः पाचच्या आत लेखी दिलं तर ओळ काढतो, म्हणाले. कप्तान हयात आहेत ना, हेही त्यांनी काळजीने विचारलं.

हयात होते. त्याच शहरात, कारेलीबागेत, दुसऱ्या मजल्यावर. विश्वंभर सव्वीस वर्षांत तिथे सात वेळा गेला होता, सातही वेळा जिन्यापर्यंत. साहेबांचा मुलगा कुणाल वरूनच सांगायचा की बाबांना त्रास देऊ नका.

आज कुणाल रिफायनरीत ड्यूटीवर होता. दार सुनेने, राजेश्वरीने उघडलं. विश्वंभरने कशाला आलो ते दारातच सांगून टाकलं, कारण चार वाजत आले होते. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"बसा काका. पण ते मला ओळखत नाहीत, तर तुम्हाला काय ओळखणार?"

जयवंतराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन वर्षं दिवसरात्र एकच विचारतात, राजेश्वरीने सांगितलं. स्थान काय आहे. ठीक आहे म्हटलं की घटकाभर गप्प राहतात, पुन्हा विचारतात. धड झोप अशी नाहीच.

विश्वंभरने कोरा कागद गुडघ्यावर ठेवला.

"स्थान?" भिंतीकडून आवाज आला.

राजेश्वरी सवयीने उत्तर देणार, तोच विश्वंभर बोलला.

"सुटलोय साहेब. मैलभर वाहत आलोय."

म्हाताऱ्याने मान वळवली.

"बत्ती विझवा."

"विझवली."

"मोकाशी, लिहून घ्या. स्थान ठीक."

राजेश्वरीचा हात पदराशी थांबला.

"नाही साहेब," विश्वंभर म्हणाला. "या खेपेला नाही लिहिणार. सव्वीस वर्षं झाली."

"साखळी गंजली होती. मला ठाऊक होतं." जयवंतरावांनी त्याचं मनगट धरलं. त्या हातात जोर नव्हता, तरी सोडवता येईना. "कुणाल दहावीला आहे हो. लिहा."

विश्वंभरने कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. पेन खिशातच होतं.

"लिहिलं साहेब," तो म्हणाला. "स्थान ठीक."

मनगटावरची पकड हळूहळू सैलावली. थोड्या वेळाने घोरणं ऐकू येऊ लागलं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. झोपलेल्या माणसाचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवता येतो, हे विश्वंभरच्या मनात आलं. शाई घरात असेल का, इथवरही त्याचा विचार गेला. मग त्याने कागदाची घडी घातली आणि उठायला म्हणून खुर्चीच्या हाताचा आधार घेतला.

राजेश्वरीने त्याच्या हातून कागद काढून घेतला. घडी मोडून तो खाटेच्या कडेवर सपाट केला. बाहेरच्या खोलीतून मुलांचं एक जाड पुस्तक आणि पेन आणलं, आणि पुस्तक कागदाखाली घालून जमिनीवर मांडी घालून बसली.

"बेटा, कुणालला हे चालणार नाही."

"नाहीच चालणार," ती म्हणाली. "आता तो दहावीला नाहीये. बाबांनी सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं, तसं मी माझ्या नावाने लिहिते. सुनेचं लिहिलेलं चालत नसेल तर खात्याचे अधिकारी तसं सांगतील. तुम्ही पहिल्यापासून सांगा काका."

विश्वंभरने घसा साफ केला. बारा वर्षं त्याने दुसऱ्याचं सांगणं लिहून घेतलं होतं. स्वतः कधी एक ओळ सांगितली नव्हती. राजेश्वरी पेन टेकवून थांबली होती, आणि घड्याळात सव्वाचार होत होते.

"लिही," तो म्हणाला.