मास्तरणीचं दुखणं

तातेराव एसटीचे ड्रायव्हर होते तोवर शिरड शहापुरात घड्याळ विकत घेणाऱ्याला लोक उधळ्या म्हणत. फाट्यावर गाडी आली की तातेराव दोन आखूड हॉर्न देत, पोंप-पोंप, आणि त्या आवाजावर गाव चाले. न्हावी दुकान उघडी, शाळेचा शिपाई घंटेकडे धावे. एकदा ते तीन दिवस रजेवर गेले, तर आरवावं की नाही यावर गावातल्या कोंबड्यांनी म्हणे उकिरड्यावर बैठक घेतली. कोंबड्यांचं सोडा, पण त्या हॉर्नशिवाय द्वारकाबाईंनी चहाचं आधण कधी ठेवलं नव्हतं, हे मात्र सोळा आणे खरं.

मे महिन्यात तातेराव रिटायर झाले. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. आणि घरी येऊन ते जे बाजेवर पडले ते दिवाळी उलटली तरी उठेनात. दिवसा झोपायचं आणि रातभर मोबाईलवर कुठल्या तरी थंड मुलखातल्या बसा डोंगर चढताना बघायच्या. दाढी वाढली. बोलणं "हं"वर आलं. घरात शांतता अशी साचली, की पालसुद्धा चुकचुकायच्या आधी इकडंतिकडं बघून घेई.

एका दुपारी द्वारकाबाईंनी न राहवून विचारलं, "अहो, काय होऊन राहिलं तुमाला?"

"गाडी डेपोत लागली, द्वारके," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आता तिला कोन पुसतं?"

त्या दिवशी तव्यावरची भाकर कोळसा झाली तरी द्वारकाबाईंना वास आला नाही. पस्तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला चिडलेला पाहिला होता, पिलेलाही एकदा पाहिला होता, पण विझलेला पाहिला नव्हता.

मंगळवारी त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं मंगळवारी मनाच्या दुखण्याचं बघायला पुनम नावाची पोरगी येई. वयानं लहान, पण ऐकायला अशी बसे की समोरचा माणूस आपोआप मोकळा होत जाई.

"त्यांना घेऊन यायचं ना, मावशी."

"येत न्हाईत, माय. मला काय येड लागलंय का म्हणून अंगावर येतात."

पुनमनं झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "मरणाबिरणाचं बोलतात का?"

"न्हाई, आजून तं न्हाई."

"बोलले तर त्याच घटकेला आणा, मंगळवारची वाट बघू नका. आणि तीन आठवड्यांत फरक नाही पडला तरी आणायचं. नाही आले तर मला सांगा, मी घरी येते." मग तिनं रोजच्या सवयींचा एक कागद लिहून दिला.

आता पंचाईत अशी, की माणसाच्या डॉक्टरवर तातेरावांचा काडीचा विश्वास नव्हता. माणूस डॉक्टरला खोटं सांगतो, मग औषध खरं कसं निघेल, असा त्यांचा सवाल. जनावराच्या डॉक्टरवर मात्र पूर्ण भरवसा. द्वारकाबाई घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात मास्तरीण उभी राहिली होती.

मास्तरीण म्हणजे त्यांची म्हैस. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे ती अशी बघे, की माणसाला चौथीतला न केलेला गृहपाठ आठवे. दूध तर इतकं दाट, की मांजरीचं पिल्लू एकदा त्याच्या सायीवरून चालत पलीकडे गेलं. पाय ओले झाले नाहीत.

द्वारकाबाईंनी कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान फाडलं आणि पाठीमागं पुनमचा कागद उतरवून काढला. जिथं 'माणसानं चालावं' होतं तिथं 'जनावराला चालवावं' केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हैस पिळली, भरली बादली पदराआड शेजारच्या मिराबाईकडे पोचवली आणि कपभर दूध घेऊन बाजेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बघा. येवढंच."

तातेराव सहा महिन्यांत पहिल्यांदा झटक्यात उठून बसले. "मास्तरणीनं? कपभर?"

"जनावराचे डॉक्टर म्हनले, मनाचं दुखणं हाय. कागद दिलाय."

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "रोज उन्हं निघताच अर्धा तास चालवावं... हं. कोवळ्या उन्हात बसवावं. झोपायची, उठायची, खायची वेळ ठरवून ठेवावी. आपल्या पोटात काय साचलंय ते रोज जनावराजवळ बोलावं." ते थांबले. भुवया वर गेल्या. "झोपायच्या आधी तासभर मोबाईल बघू नये?"

द्वारकाबाईंनी मान लांबवून कागदात पाहिलं. उतरवताना ही ओळ तशीच घसरली होती.

"द्वारके, मास्तरणीकडं मोबाईल हाय?"

"तिच्याकडं काहून असंल? तुमच्याकडं हाय! गोठा तुमच्या खिडकीला लागून. रातभर त्या उजेडानं तिच्या डोळ्याला डोळा लागत न्हाई. मुकं जनावर, सांगतं कुनाला?"

तातेरावांनी बायकोकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "बराबर," म्हणाले. "पन चालवनार कोन?"

"माझे गुडघे बघा की."

दुसऱ्या दिवशी उन्हं निघताना तातेराव आणि मास्तरीण ओढ्याकडे निघाले. पहिल्या दिवशी कोण कोणाला ओढतंय ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या दगडोबानं हाक मारली, "डायवरसायेब, नवी गाडी का काय?"

"जुनीच हाय. सायलेन्सर तेवढा खराब हाय," तातेराव म्हणाले, आणि म्हशीनं त्याच क्षणी शेपूट वर केलं. हॉटेलातले सहाही जण बाकावरून खाली आले. ही हकीकत द्वारकाबाईंच्या कानावर आली तेव्हा त्या हसल्या नाहीत. चुलीपुढे बसून पदर डोळ्याला लावला. माणूस कोट्या करून राहिला होता.

रोज दहाच्या सुमाराला तातेराव उन्हात बसून म्हैस घासत. बोलायचं कलम ते टाळत होते. "जनावराशी काय बोलावं?" म्हणत. दुसऱ्या आठवड्यात एकदा द्वारकाबाई गोवऱ्या घ्यायला गोठ्यामागं गेल्या आणि कुडापलीकडून आवाज आला.

"शेवटच्या दिवशी ना, मास्तरणे, गाडीवर हात फिरवायचा होता. नुस्ता एकदा. पन पोरं फोटो काढून राहिली होती, लाज वाटली. तसाच उतरलो. आजून झोपेत डावा हात गिअर शोधतो." घासणं चालूच होतं. "द्वारकीला कसं सांगू? ती म्हनंल, येवढ्यासाठी का रडता."

द्वारकाबाई पाटीत एकही गोवरी न घेता तशाच मागं फिरल्या.

तीन आठवडे भरले त्या मंगळवारी पुनमला दाखवायला म्हणून त्यांनी खुंटीवरचा कागद काढला. खाली एक नवं कलम आलं होतं. अक्षर ठसठशीत, गाडीवरच्या पाटीसारखं.

'म्हशीच्या मालकिणीनं रोज सांजच्याला अर्धा तास मिराबाईच्या ओट्यावर बसावं. घरचं काम, नवऱ्याची काळजी बोलू नये. चोरून दूध पोचवायला जाणं यात धरलं जाणार नाही.'

द्वारकाबाईंनी मागं वळून पाहिलं. तातेराव दारात उभे होते, दाढी केलेली, गालावर कापसाचा एक बोळा.

"कवा कळलं?"

"दोरी मागायला मिराबाईकडं गेलतो, दुसऱ्या आठवड्यात. तिनं चहा टाकला. एक घोट घेतला आनी म्हनलं, मिराबाई, ह्या चहात आमची मास्तरीण हाय. कप खाली ठेवायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. तिचा नवरा बघितला का? आपल्या दुधावर असा सुटलाय की दारातून आडवा जातो."

"मग गप काहून बसलात?"

"तू माझ्यासाठी म्हशीला येडं ठरवलंस. मी काय, मास्तरणीची आब्रू राखली." मग ते कागदाकडे बघत म्हणाले, "आनी खरं सांगू? चालून आल्यावर बरं वाटून राहिलं होतं. पन तू चार महिन्यांपासून कुनाच्या दारात बसली न्हाईस. ते मला बाजेवरून बी दिसत होतं."

द्वारकाबाईंनी पुढं होऊन त्यांच्या गालावरचा कापूस तेवढा काढला. रक्त थांबलं होतं.

"गाडीवर हात फिरवायचा राहिला," त्या हळूच म्हणाल्या, "तेवढ्यासाठी रडलं तं चालतं."

तातेरावांनी मान खाली घातली. मग खाकरून म्हणाले, "चल. त्या पुनमबाईकडं मी बी येतो. रातची झोप आजून धड लागत न्हाई, ते इचारून घिऊ. आनी सांगू तिला, औषध बरं हाय पन कागदावरचा पेशंट बदला."

त्या संध्याकाळी द्वारकाबाई मिराबाईच्या ओट्यावर बसल्या. आधी बसताच येईना. हात सारखे काहीतरी निवडायला शोधत होते. मग मिराबाईनं आपल्या नवऱ्याला सदऱ्याची बटणं कशी पुरेनात ते सांगितलं, आणि दोघी अशा हसल्या की ओट्याखालचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं.

एवढ्यात फाट्याच्या बाजूनं आवाज आला. तातेराव मास्तरणीला पाणी दाखवून परत येत होते. हॉर्न तोंडाचाच, पण दोन आणि आखूड.

पोंप-पोंप.

सात महिन्यांनी. रस्त्यावरचा न्हावी दुकानातून बाहेर आला. द्वारकाबाईंचे गुडघे सवयीनं उठायला लागले.

"जा बाई, तुझ्या आधणाची येळ झाली," मिराबाई म्हणाली.

द्वारकाबाईंनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. पुढं म्हैस, मागं माणूस, दोघांच्या माना ताठ. त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली.

"त्यांना ठाऊक हाय साखर कुठं ठिवलीय," त्या म्हणाल्या. "माझा अर्धा तास व्हायचाय आजून."