सुरांची वाटणी करणारा डबा

मी एक जुना क्रॉसओव्हर आहे. मित्रांनो, नाव ऐकून लगेच पान उलटू नका. गाडीच्या पुढच्या सीटखाली स्क्रूने आवळून बसवलेला, तळहाताएवढा काळा डबा म्हणजे मी. माझ्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि थोडे कपॅसिटर आहेत. अ‍ॅम्प्लिफायरकडून गाणं माझ्याकडे येतं ते एकाच गाठोड्यात बांधून. मी ते सोडतो. जाड सूर दारातल्या वूफरला देतो आणि बारीक सूर वर काचेजवळच्या इवल्याशा ट्वीटरला. मी कामचुकारपणा केला तर बिचारा ट्वीटर जळून जाईल. तरी लोक कौतुक कोणाचं करतात? वूफरचं! का, तर तो थरथरतो. जो जास्त हलतो तोच राबतो, अशी माणसांची ठाम समजूत आहे.

कारखान्यातल्या एका बाईंनी मला डाख देऊन जोडलं. त्यांचा हात इतका स्थिर होता की माझा एकही सांधा अजून सुटलेला नाही. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही तयार झाला. मी डावीकडचा, तो उजवीकडचा. पहिल्या गाडीत आम्ही मन लावून काम केलं. ती गाडी मोडीत निघाली आणि आम्ही स्क्रू-खिळ्यांच्या खोक्यात जाऊन पडलो. वर्षानुवर्षं कोणी विचारलं नाही. एकाने तर माझ्यावर रंगाचा डबा टेकवून ठेवला होता!

मग एका हौशी बेकरीवाल्याने आम्हाला स्पीकरांसकट उचललं.

“फिटरकडे ने रे,” त्याची आई म्हणाली.

“फिटर काय आभाळातून पडलाय? मी व्हिडिओ बघितलाय.”

व्हिडिओ बघितला म्हणे! डाव्या बाजूची जोडणी त्याने नीट केली. उजवीकडे नवी वायर संपली, म्हणून घरात पडलेली जुनी घेतली. तिच्या दोन्ही तारा काळ्या. एकीवर ओळखीसाठी पुसट रेघ होती, पण हा सीटखाली डोकं खुपसून, एक पाय बाहेर काढून आडवा. रेघ दिसणार कशी? “असेल हीच,” असं म्हणून त्याने दोन्ही तारा उलट्या जोडल्या. मित्रांनो, “असेल हीच” म्हणणाऱ्या माणसाच्या हातात पक्कड देऊ नये.

आता माझा वूफर हवा पुढे ढकलायचा तेव्हा भावाचा वूफर ती मागे ओढायचा. गाडीच्या मधोमध जाड सूर एकमेकांना खाऊन टाकू लागले.

बेकरीवाल्याच्या आई बायकांचा गाण्याचा गट चालवतात. कार्यक्रम जवळ आला होता आणि काही जणींना गाळायचं होतं. तालमीचं रेकॉर्डिंग ऐकायला घरात शांतता नाही, म्हणून सगळे गाडीत बसले. आई मागच्या सीटवर बरोबर मध्ये, एखाद्या न्यायाधीशासारख्या. सून पुढे, दाराला लागून. तिचा आवाज खर्जातला, भरदार.

गाणं संपलं. आई म्हणाल्या, “सूनबाई, तू गातेस की नुसते ओठ हलवतेस?”

“अहो आई, मला इथे चांगलं ऐकू येतंय!”

“स्वतःचा आवाज प्रत्येकाला ऐकू येतो. मला बाकी सगळ्या ऐकू आल्या, तू तेवढी नाहीस. घरची म्हणून ठेवली तर बायका मला कच्चं खातील. या वेळी तू समोर बसून ऐक.”

बेकरीवाल्याने आवाज वाढवला, ट्वीटरही चढवला. गाणं नुसतं किंचाळायला लागलं. वर तो हसत म्हणाला, “चला, घरात एकदाची शांतता झाली.” मला दात असते तर त्याची पोटरीच धरली असती.

दुसऱ्या दिवशी सून गाडीत तेच रेकॉर्डिंग लावून आईंच्या जागेवर जाऊन बसली आणि तिचा चेहरा उतरला. खरंच, तिचा आवाज तिथे नव्हता. पण ती रडत बसणाऱ्यातली नाही. तिने नवऱ्याला हाक मारली.

“अहो, फक्त डावी बाजू लावा.”

आवाज आला.

“आता फक्त उजवी.”

आला!

“आता दोन्ही.”

गेला.

“एकेकट्याकडे मी आहे आणि दोघे मिळाले की गायब! माझ्या गळ्याला नावं ठेवायच्या आधी तुमच्या वायरी बघा. टॉर्चमधला सेल आणा आणि आईंनाही बोलवा.”

वूफरवरच्या जाळ्या काढल्या गेल्या. डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरपासून वायरी सोडवून बेकरीवाल्याने आधी डाव्या, मग उजव्या वायरींना सेल त्याच बाजूने टेकवला. आई चष्मा सावरत वाकल्या.

“हा पडदा बाहेर आला,” त्या म्हणाल्या. “आणि हा... हा आत गेला रे!”

बेकरीवाल्याचे कान लाल झाले. “उलटी लागलीय वाटतं.”

“वाटतं काय? बायकोला गटातून काढायला निघाला होतास!” आई कडाडल्या. काढायला स्वतःच निघाल्या होत्या, हे त्या सोयीस्करपणे विसरल्या. मोठी माणसं विसरतात.

तारा सरळ झाल्या. आई पुन्हा मध्ये बसल्या. गाणं सुरू झालं आणि सगळ्या बारीक आवाजांखाली सुनेचा खर्ज सतरंजीसारखा पसरला. आई म्हणाल्या, “पुन्हा लाव.” पुन्हा ऐकलं. शेवटी त्यांनी घसा खाकरला. “दुसऱ्या कडव्यात तू श्वास भलत्याच जागी घेतेस.”

सून खदखदून हसली. “म्हणजे ऐकू आलं!”

“न यायला मी बहिरी आहे का? उद्या तालमीला लवकर ये. तो श्वास सुधारायचाय.”

माफी कोणी मागितली नाही. पण तालीम मिळाली आणि तिला तेच हवं होतं.

मित्रांनो, आम्हाला ओल लागू देऊ नका, आमच्या वायरींना हिसके देऊ नका आणि जोडताना तारेवरची रेघ उजेडात बघा. आणि एखाद्याचा आवाज येत नसेल तर त्याला गप्प बसवायच्या आधी आपली जोडणी तपासा. लाज वाटली तरी तपासा. आमच्या घरात आता भांडणसुद्धा दोन्ही बाजूंनी स्वच्छ ऐकू येतं.